दुसऱ्यांदा मीठ

बायकोने भाजीत दुसऱ्यांदा मीठ घातलं, तेव्हाच शंकासुराला कळलं की समुद्राचा आकडा वाईट आलाय.

ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. एकदा मीठ घालून तिने डबा बंद केला, खिडकीकडे बघत थोडा वेळ तशीच राहिली, आणि मग डबा उघडून पुन्हा चमचाभर घातलं. ऑफिसात काही मनाविरुद्ध घडलं असेल तरच तिच्या हातून असं व्हायचं. तो दारात उभा राहून बघत होता. जेवायला बसल्यावर ती खारट भाजी त्याने मुकाट्याने खाल्ली आणि वर म्हणाला, "छान झालीय."

"खोटं बोलू नकोस. खारट आहे."

"थोडीशी."

"मग तसं सांगायचं ना."

"तू सांगतेस का मला सगळं?"

तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. "काय सांगायचं राहिलंय?"

"काही नाही. पाणी दे."

शंकासुर हे अर्थातच त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. ते ऑफिसने ठेवलं होतं, आणि इतकं चपखल बसलं होतं की पगाराच्या कागदावरचं नाव वाचलं की हे कोण गृहस्थ, असं त्याचं त्यालाच वाटायचं. बसवाल्याने सुटे पैसे परत दिले तरी तो नाणं उलटंपालटं करून बघायचा. डॉक्टरने प्रकृती उत्तम आहे म्हटलं की दुसऱ्या डॉक्टरकडे जायचा. पण ऑफिसात या स्वभावाचा उपयोग होता, कारण आकाशात फिरणाऱ्या एका यंत्रावर संशय घेणं हेच त्याचं काम होतं.

ते यंत्र एका उपग्रहावर बसवलेलं होतं आणि कित्येक वर्षं पृथ्वीभोवती फिरत होतं. सूर्याकडून किती येतं ते मोजणारं यंत्र वेगळं. शंकासुराच्या यंत्राकडे परतीचं खातं होतं: ढगांवर, बर्फावर, वाळूवर आपटून किती उजेड माघारी जातो, आणि तापलेली पृथ्वी आपली ऊब किती बाहेर टाकते. आलेल्यातून गेलेलं वजा केलं की उरतं ते इथेच मुरतं. येतं ते चौरस मीटरमागे तीनशे चाळीस वॅटच्या आसपास, आणि उरतं ते जेमतेम एक. पण हा एक रोज, सगळीकडे, रात्रंदिवस उरत राहिला तर त्याचं काय होतं, ते बर्फाला विचारावं.

एवढासा उरलेला भाग पकडायचा तर यंत्राची नियत साफ हवी. आणि यंत्र आता म्हातारं झालं होतं. त्याच्या भिंगावर कसलासा पातळ थर चढत होता, आणि फडकं घेऊन तिथवर जाणारं कोणी नव्हतं. यंत्राने स्वतःला तपासावं म्हणून त्याच्या पोटात एक दिवा ठेवला होता, पण दिवाही म्हातारा होणारच. त्यामुळे परत येणारा उजेड कमी दिसला की दरवर्षी तोच प्रश्न: दिवा मंदावला, भिंग मळलं, की खरोखरच पृथ्वीवरचे ढग विरळ झाले? दोष कोणाच्या पदरात किती टाकायचा, हे शंकासुर ठरवायचा. त्याला ऑफिसात नुसतं 'दुरुस्ती' म्हणत. दुरुस्तीला आधार भरपूर असायचे, पण शेवटचा थोडा भाग माणसाच्या नजरेवर सोडावाच लागायचा.

म्हणून तर ऑफिसात समुद्राचं काम बघणारी वेगळी खोली होती. उरलेली बहुतेक सगळी ऊब समुद्रात जाते. त्या खोलीने जगभरच्या समुद्रांत नळकांडी सोडली होती. ती खोल बुडायची, वर यायची आणि पाणी किती तापलंय ते कळवायची. समुद्र वेगळ्या वाटेने त्याच आकड्याला पोचायचा, आणि त्याच्यावरून आकाशाची पारख व्हायची. पण पारख खरी ठरायची तर एकाने दुसऱ्याचा आकडा आधी बघता कामा नये. नियम असा की वर्षातून एकदा दोन्ही खोल्यांची माणसं सभागृहात जमायची, फळ्याच्या दोन टोकांना एकेक जण खडू घेऊन उभा राहायचा, मध्ये शिपाई भला मोठा पुठ्ठा धरायचा, आणि दोघांनी एकाच वेळी आकडा लिहायचा. मग पुठ्ठा काढायचा.

आकाशाच्या टोकाला शंकासुर असायचा. समुद्राच्या टोकाला त्याची बायको.

लग्न झालं तेव्हा दोघंही खालच्या पायरीवर होते, पुढे यात अडचण येईल हे कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढे एकेक पायरी चढत दोघं फळ्यापाशी पोचले. दोघांनी मिळून घरात नियम केला: आकड्यांचं बोलायचं नाही. तो त्यांनी इतका कडक पाळला की त्यांची मुलगी लहानपणी मैत्रिणींना सांगायची, आमच्या घरात हवामान सोडून सगळ्यावर बोलणं चालतं.

तर मीठ पडलं ते बैठकीच्या आठवडाभर आधी. शंकासुराची दुरुस्ती तेव्हा कच्ची होती. परतीचा उजेड यंदा बराच कमी दिसत होता, आणि सवयीप्रमाणे त्याने दोष भिंगाच्या पदरात टाकला होता, म्हणजे मुरणारी ऊब कमी धरली होती. भाजी खाऊन उठल्यावर मात्र त्याच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी त्याने दिव्याची जुनी मोजमापं काढली, वाळवंटांवरचा उजेड पुन्हा तपासला, आणि त्याला वाटू लागलं की आपण भिंगावर उगाचच आळ घेतोय. त्याने भिंगाचा दोष कमी केला. कारणं होती, ती पटण्यासारखीही होती. त्यांत मिठाचा उल्लेख नव्हता.

बैठकीच्या दिवशी शिपायाने पुठ्ठा काढला आणि सभागृहात कोणी हललं नाही. दशांश चिन्हापुढचे दोन्ही आकडे जुळले होते. आजवर पहिला आकडासुद्धा कधी धड जुळला नव्हता.

संस्थेच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या चष्मा काढून पुढे आल्या, दोन्ही आकडे जवळून बघितले, मग फळ्याच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या नवराबायकोकडे बघितलं.

"जुळले की मला आनंद व्हायला हवा," त्या म्हणाल्या. "होत नाहीये."

त्यानंतर जे सुरू झालं त्याला उघड असं काही नाव नव्हतं. शंकासुर जिन्यावर आला की जिन्यावरचं बोलणं थांबायचं. कोणी तरी सहज विचारल्यासारखं विचारायचं, "वहिनी काय म्हणतात?" कुठेतरी पाणी मुरतंय, हे वाक्य त्याने स्वतः यंत्राबद्दल हजारदा म्हटलं होतं. आता ते लोक त्याच्याबद्दल म्हणत होते आणि त्याला ते मुळीच आवडलं नाही. आजवरची त्याची प्रत्येक दुरुस्ती या एका जुळण्यामुळे संशयात आली होती. ऊब मुरतेय हे ज्यांना ऐकायचंच नव्हतं, त्यांना तर आयतं कोलीत मिळणार होतं: घरात बसून ठरवतात, म्हणतील.

मोठ्या बाईंनी बाहेरून एक तपासनीस बोलावला. हा हळू आवाजात बोलणारा, खोकल्याच्या गोळ्या चघळणारा गृहस्थ होता. त्याने आधी बायकोला बोलावलं, नंतर शंकासुराला.

"घरी तुमचं बोलणं होतं?"

"होतं."

"कशावर?"

"गळणारा नळ. मुलगी फोन करत नाही ते. हिच्या आईचे गुडघे."

"आकड्यांवर?"

"एक शब्दसुद्धा नाही."

"वहिनींनीही हेच सांगितलं," तपासनीस म्हणाला. "अगदी याच शब्दांत." आणि त्याने गोळी गालातून गालात फिरवली. दोघं खरं बोलले होते, आणि तेसुद्धा जुळलं होतं.

घरी जाताना बसमध्ये त्याच्या डोक्यात किडा वळवळू लागला. तिने मीठ घातलं तेव्हा संध्याकाळ उलटून गेली होती. बाहेर अंधार होता. आत दिवा आणि बाहेर अंधार, म्हणजे खिडकीच्या काचेत मागचं दार दिसत असणार. दारात तो उभा होता. मग तिने काचेत त्याला बघितलं होतं का? आणि बघितलं असेल तर ते दुसरं मीठ चुकून पडलं, की पाडलं? आपला नवरा दरवर्षी भिंगावर आळ घेतो आणि आकडा खाली ओढतो, याचा तिला कंटाळा आला असेल. बायकोवर असा संशय घ्यायची त्याला लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून संशय गेला नाही. चार दिवस तो तिच्याकडे चोरून बघत राहिला. ती कपाट उघडायची तरी त्याला वाटायचं, हे आपल्याला दाखवण्यासाठी आहे.

पाचव्या दिवशी ती वाळलेले कपडे घड्या करत बसली होती, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"बैठकीच्या आधी एकदा तू भाजीत दोनदा मीठ घातलंस."

"असेल."

"तेव्हा काचेत मी दिसत होतो तुला?"

"कुठल्या काचेत?"

"खिडकीच्या."

तिने हातातला शर्ट खाली ठेवला. त्याचं म्हणणं तिच्या ध्यानात यायला वेळ लागला, आणि आलं तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"तुला आकडा कळावा म्हणून मी भाजी खारट केली, असं म्हणायचंय तुला?"

"मी नुसतं विचारतोय."

"वाटतंय म्हणून विचारतोयस." ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "अरे, गेल्या वर्षी डोकं दुखतंय म्हणून मी पांघरूण घेऊन पडून राहिले होते, ते कशासाठी? माझं तोंड तुला दिसू नये म्हणून. जेवायचं ताटसुद्धा आत मागवून घेतलं."

शंकासुर गप्प राहिला. डोकं दुखत नाहीये, हे त्याला गेल्या वर्षीच कळलं होतं. ते तिला त्याच्या गप्प राहण्यावरून कळलं.

"थांब," ती म्हणाली. "मीठ बघून तुला कळलं होतं?"

"हो."

"आणि तरी दुरुस्ती तूच केलीस?"

"मग कोण करणार?"

"कोणीही. दुसरं कोणीही." ती आता चिडली नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. "यंत्राचं काही बिघडलं की तू पायमोजे घालूनच झोपतोस. इतकी वर्षं बघतेय मी. तसं दिसलं की त्या आठवड्यात मी एकही नळकांडं खराब म्हणून बाद करत नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगते, तुम्ही बघा, माझे डोळे दुखतायत. त्यांना वाटतं मी कामचुकार आहे."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर नियम मोडला असता ना."

दिवा, भिंग, सूर्य, वाळवंट, डॉक्टर, बसवाला, आणि आता ही, सगळ्यांवर त्याचा संशय घेऊन झाला होता. स्वतःवर घ्यायचा मात्र राहून गेला होता. ज्या वस्तूची पारख तो कधीच करत नव्हता ती तो स्वतः होता, आणि हे त्याला बायकोने कपड्यांच्या घड्या करता करता दाखवून दिलं.

"मला वाटलं, मी स्वतःला आवरीन," तो म्हणाला.

"आवरलंस का?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही."

"मग जाऊन तसं सांग."

"तुझ्यावरपण शिंतोडे उडतील."

"उडू देत," ती म्हणाली, आणि शर्टाची घडी नीट बसली नव्हती म्हणून मोडून पुन्हा घालायला लागली.

तपासनीसाचा अहवाल तोवर जवळजवळ लिहून झाला होता, आणि तो चांगला होता. निव्वळ योगायोग, असं त्याचं मत पडलं होतं. शंकासुर समोर बसून बोलला ते त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग पेन खाली ठेवलं.

"मीठ?"

"मीठ."

"साहेब, तुम्ही हे सांगितलं नसतं तर कोणाला कळलं नसतं."

"मला कळलं होतं."

"हे मी अहवालात लिहू कसं?"

"मी सांगितलं तसंच लिहा."

त्याने तसंच लिहिलं. शंकासुराची दुरुस्ती बाजूला ठेवण्यात आली आणि त्याला मागच्या खोलीत जुन्या उपग्रहांच्या कामाला बसवलं. चहाच्या वेळी कोणी तरी त्याच्यासमोर मिठाची बाटली सरकवली आणि म्हणालं, "बघा हो, पावसाचं काही कळतंय का." सगळे हसले. तोही हसला, कारण न हसणं आणखी अवघड होतं. घरी बायको त्याच्याशी नीट वागायची, पण जेवण वाढून झालं की दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. तिने स्वतःला आवरण्यात इतकी वर्षं घालवली होती, आणि ते सगळं वाया गेलं होतं, हे तिला आता कळलं होतं. त्याला ती पुन्हा समोर येऊन बसायला हवी होती, पण कोणत्या तोंडाने म्हणणार?

यंत्राची मूळ मोजमापं घेऊन दुरुस्ती पहिल्यापासून करायचं काम ब्रह्मचाऱ्याला दिलं गेलं. हा जमिनीच्या तापमानाच्या विभागातला सडाफटिंग माणूस. त्याच्या घरी एक मांजर होती, आणि मांजरीला समुद्रातलं काही कळत नाही, असं मोठ्या बाई गंभीरपणे म्हणाल्याचं सांगतात. फळ्यावरचा जुना आकडा त्याने बघितला नव्हता, बैठकीला तो आजारी होता. आकडे पुसून टाकले होते आणि ते त्याच्यासमोर उच्चारायचे नाहीत, अशी सगळ्यांना ताकीद होती. तरी शंकासुर त्याच्या खोलीवरून जाताना मान खाली घालून जायचा, चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून.

मागच्या खोलीत बसून तो वाट बघत राहिला, आणि एक दिवस त्याच्या लक्षात आलं की आपण कशाची वाट बघतोय ते आपल्यालाच नीट माहीत नाही. ब्रह्मचाऱ्याचा आकडा तोच आला, तर त्याच्या अंगावरचा डाग जाणार होता. पण मग तेवढी ऊब खरंच मुरत होती. आणि आकडा कमी आला तर तो लबाड ठरणार होता, निदान बायकोच्या मिठाने फितलेला. पण मग पृथ्वीचं इतकं बिघडलेलं नव्हतं. त्याने स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं आणि उत्तर ऐकून तो चकित झाला. त्याला लबाड ठरायचं होतं. दरवर्षी भिंगावर दोष टाकताना तो हेच तर करत आला होता. त्याला संशयाची हौस कधीच नव्हती. यंत्र खोटं बोलतंय, असं कोणी तरी सिद्ध करून दाखवावं, एवढीच त्याची मनापासूनची इच्छा होती.

ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही. सांगण्यासारखी एकच व्यक्ती होती आणि ती दुसऱ्या खोलीत बसायची.

पुन्हा बैठक भरली. या वेळी पुठ्ठ्याची गरज नव्हती, तरी शिपायाने सवयीने तो आणला होता. समुद्राच्या टोकाला बायकोने आपला आकडा पुन्हा लिहिला. आकाशाच्या टोकाला ब्रह्मचारी उभा राहिला, खडू मोडला, दुसरा घेतला. शंकासुर शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता. पुठ्ठा निघाला. दशांश चिन्हापुढचा पहिला आकडा तोच होता. दुसरा एकाने जास्त होता.

"भिंगाचा दोष मला तर कमीच दिसला," ब्रह्मचारी चाचरत म्हणाला. मोठ्या बाईंनी शंकासुराची बाजूला ठेवलेली दुरुस्ती उघडून बघितली. "यांनी लावलाय त्यापेक्षाही कमी," त्या म्हणाल्या.

मोठ्या बाई चालत शेवटच्या रांगेपर्यंत आल्या आणि सगळ्यांदेखत त्यांनी शंकासुराचा हात हातात घेतला. "माझी शंका फिटली," त्या म्हणाल्या. मग बाकीचे आले. मिठाची बाटली सरकवणाराही आला, खाली बघत. कोणी तरी पेढ्यांची गोष्ट काढली आणि फळ्याकडे नजर जाताच ती अर्ध्यावर सोडली. खुर्च्या सरकवत लोक आपापल्या खोल्यांकडे गेले.

बसथांब्यावर नवराबायको कितीतरी दिवसांनी बरोबर उभे होते. समोरच्या दुकानदाराने ऊन लागतं म्हणून दुकानाची ताडपत्री खाली ओढून घेतली होती. ती डब्याची पिशवी सांभाळत रस्त्याकडे बघत होती.

"मला वाटत होतं माझं चुकावं," तो म्हणाला.

"माहितीय."

"कशावरून?"

"फळ्यापासून मागच्या रांगेतलं तुझं तोंड दिसत होतं."

एक बस आली. ती त्यांची नव्हती. माणसं चढली, उतरली, बस गेली. आता दोन्ही आकडे सगळ्यांसमोर लिहून झाले होते, म्हणजे नियमाप्रमाणे बोलायला हरकत नव्हती. पण इतक्या वर्षांची सवय, सुरुवात कुठून करायची ते दोघांनाही कळेना. शेवटी त्यानेच धीर केला.

"एक ऐकशील? एकदा म्हण, की तुझा आकडा चुकला असेल. नळकांडी खराब असतील. काही तरी असेल. नुसतं म्हण."

तिने खरोखर विचार केला. त्याला तो तिच्या कपाळावर दिसत होता, एकेक समुद्र ती मनातल्या मनात पुन्हा धुंडाळत होती, त्याच्यासाठी कुठे एखादी चूक सापडते का ते बघत. मग तिने मान हलवली.

"मी पण शोधली रे," ती म्हणाली. "दरवर्षी शोधते."

त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. तिने ती घेऊ दिली.